भाषा येणे आणि भाषा शिकवता येणे : अर्वाचीन भारतीय भाषांच्या अध्यापक-शिक्षणाचा एक आढावा

कलकत्त्याचे फोर्ट विल्यम कॉलेज १८०० साली सुरू झाले. कंपनी सरकारच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना या देशातील चालू भाषा शिकवणे हा त्याचा मुख्य हेतू होता. जॉन गिलख्रिस्ट हिंदुस्तानीचे प्राध्यापक होते. विल्यम केरी यांच्याकडे बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठी हे विषय होते. केरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये छापला गेला. मीर अम्मन यांचे 'बाग-ओ-बहार' याच कॉलेजच्या गरजेतून लिहिले गेले, आणि मराठीच्या कामात वैजनाथ शर्मा या पंडितांची केरींना मोठी मदत झाली. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांच्या आरंभीच्या छापील गद्याचा एक मोठा भाग अशा रीतीने परभाषकांसाठी केलेल्या पाठ्यपुस्तकांचा होता. साहित्याच्या इतिहासात या गोष्टीची नोंद होते. अध्यापनाच्या इतिहासात मात्र ती फारशी घेतली जात नाही.

या कॉलेजात कामाची एक विभागणी झाली होती. प्राध्यापकाकडे व्याकरण, अभ्यासक्रम, परीक्षा आणि मोठा पगार होता. मुन्शी व पंडित यांच्याकडे भाषा होती. विद्यार्थ्याजवळ बसून त्याचा उच्चार सुधारणे, वाक्य दुरुस्त करणे, गोष्ट वाचून घेणे ही रोजची कामे मुन्शीच करीत असे. तथापि मुन्शीला शिकवण्याचे शिक्षण द्यावे, असे कोणाच्या मनात आले नाही. भाषा येते म्हणजे ती शिकवता येते, असे गृहीत धरले गेले. ज्ञान एका माणसाकडे, जीभ दुसऱ्याकडे आणि अध्यापनकलेला वालीच नाही, ही स्थिती पुढची दीडशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत टिकून राहिली.

विद्यापीठात देशभाषांचा प्रवेश

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आरंभी मराठीला परीक्षांत काही स्थान होते. परंतु १८६० च्या दशकात उच्च परीक्षांतून देशभाषा वगळल्या गेल्या आणि दुसरी भाषा म्हणून संस्कृत, लॅटिन, अरबी, फारसी अशा अभिजात भाषांना प्राधान्य मिळाले. देशभाषांत विद्यापीठीय दर्जाचे साहित्य नाही आणि त्यांच्या अभ्यासाने बुद्धीला हवा तो व्यायाम मिळत नाही, असा युक्तिवाद त्या वेळी केला जाई. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९० च्या दशकात या प्रश्नावर चिकाटीने प्रयत्न केले. त्यांना यश आले ते १९०१ साली, म्हणजे त्यांचे निधन झाले त्याच वर्षी. पण मराठीला दार उघडले ते एम.ए.च्या पातळीवर. बी.ए.चा मजला तसाच रिकामा राहिला आणि तो भरायला आणखी काळ जावा लागला.

घर शिखराकडून बांधायला घेतले की काय होते, ते या उदाहरणात दिसते. माध्यमिक शाळेत मराठी शिकवणारा पदवीधर स्वतः विद्यापीठात मराठी शिकलेलाच नसे. तो संस्कृत शिकलेला असे. उर्दूचा शिक्षक बहुधा फारसी शिकलेला असे. साहजिकच दोघेही आपापली भाषा त्या अभिजात भाषेच्या रीतीने शिकवीत. शब्दार्थ, समास, व्युत्पत्ती, रसग्रहण आणि पाठांतर हा त्या रीतीचा गाभा होता. ज्या मुलाच्या घरी ती भाषा बोलली जात होती, त्याचे यात फारसे बिघडत नसे. ज्याच्या घरी दुसरी भाषा होती, त्याला मात्र ही रीत काहीच देत नसे.

हा दोष केवळ वसाहतीतला होता असे मानण्याचे कारण नाही. खुद्द ऑक्सफर्डमध्ये अर्वाचीन भाषांचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू करण्याचा प्रस्ताव १८८७ साली मते समसमान पडल्याने बारगळला. तो संमत व्हायला १९०३ उजाडले. केंब्रिजमध्ये १८८६ साली या विषयाची पहिली परीक्षा झाली खरी, परंतु जुन्या भाषारूपांचा अभ्यास हाच तिचा कणा होता. फ्रेंच वा जर्मन बोलता येते की नाही, हा प्रश्न गौण होता. युरोपात या पद्धतीवर टीका सुरू झाली ती प्रामुख्याने भाषा शिकवणाऱ्यांकडून. जर्मनीतील विल्हेल्म फिएटर यांनी १८८२ साली टोपणनावाने एक पुस्तिका काढून भाषाशिक्षणाने मागे वळावे अशी हाक दिली. पॅरिसमध्ये पॉल पासी यांनी १८८६ साली भाषाशिक्षकांची एक लहानशी संघटना स्थापन केली. आज ध्वनिलिपीसाठी जगभर प्रसिद्ध असलेली आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटना ती हीच. ध्वनिविज्ञानाची ही संस्था वर्गातल्या अडचणीतून जन्माला आली, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्रशिक्षण महाविद्यालय : दुसरे घर

विद्यापीठाने भाषेचा प्रश्न असा अर्धवट सोडवला, आणि शिकवण्याचा प्रश्न दुसऱ्याच घरी गेला. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली आणि प्राथमिक शिक्षकांसाठी नॉर्मल स्कुले निघाली. १८८२ च्या हंटर आयोगाने पदवीधरांसाठी प्रशिक्षणाचा काळ कमी असावा असे सुचवले. १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक सरकारी ठरावाने पदवीनंतर एक वर्षाचे प्रशिक्षण हा साचा पक्का केला. मुंबईत १९०६ साली माध्यमिक शिक्षकांसाठी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. आधी विषय, मग पद्धती, हा बी.टी.चा आणि नंतरच्या बी.एड.चा क्रम याच काळात ठरला.

इतिहास किंवा गणित या विषयांना हा क्रम काही प्रमाणात चालतो. भाषेची गोष्ट निराळी आहे. गणिताच्या अध्यापकाला गणित येते की नाही हे पदवीच्या परीक्षेत कळते. भाषेच्या अध्यापकाला ती भाषा वर्गात बोलता येते का, मुलाची चूक कोठून आली हे ओळखता येते का, स्वतःचे वाक्य सोपे करून पुन्हा सांगता येते का, हे पदवीच्या परीक्षेत कोणी तपासत नाही. प्रशिक्षण महाविद्यालय ते तपासू शकले असते, पण विषयज्ञान हे विद्यापीठाचे काम असे म्हणून ते बाजूला राहिले. दोन्ही घरांनी एकमेकांवर विसंबून एकच खोली रिकामी ठेवली.

पद्धतींच्या नावीन्याची मात्र वाण नव्हती. प्रत्यक्ष पद्धतीचे वारे मुंबई इलाख्यात पहिल्या महायुद्धापूर्वीच पोचले होते. तिचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिणाऱ्यांत पी. सी. रेन हे शिक्षण खात्यातील अधिकारी होते. पुढे भारतीय शाळांत ज्यांचे नाव 'रेन अँड मार्टिन' या व्याकरणाच्या पुस्तकामुळे अजरामर झाले, तेच हे रेन. व्याकरणाच्या नियमांवाचून, बोलण्यातून भाषा शिकवावी असे सांगणाऱ्या माणसाचे नाव व्याकरणाच्या नियमांशी कायमचे जोडले जावे, ही गंमतच म्हणायची. परंतु त्यामागचे कारण साधे आहे. स्वतः इंग्रजी अस्खलित न बोलणाऱ्या शिक्षकाला प्रत्यक्ष पद्धती पेलवत नाही. हातात नियमांचे पुस्तक असले की तो सुरक्षित असतो.

या दोन घरांना जोडण्याचा पहिला गंभीर विचार कलकत्ता विद्यापीठ आयोगाने केला. मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली १९१७ साली नेमलेल्या या आयोगात अलीगढचे डॉ. झियाउद्दीन अहमद सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९१९ साली आला. विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचे विभाग असावेत आणि 'शिक्षण' हा विषय इंटरमीजिएट व बी.ए.च्या पातळीवर ठेवावा, अशी त्याची शिफारस होती. विषय शिकत असतानाच विद्यार्थ्याने अध्यापनाचा विचार करावा, हे तत्त्व या देशात विद्यापीठीय पातळीवर इतक्या स्पष्टपणे आधी मांडले गेले नव्हते. विभाग पुढे निघाले, परंतु पदवीबरोबर प्रशिक्षण ही कल्पना कागदावरच राहिली.

त्याच सुमारास ढाक्याच्या प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट काम करीत होते. बंगालमधील द्वैभाषिकतेवरील त्यांचा अहवाल १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी विमा व्यवसायातील एक संज्ञा भाषाशिक्षणात आणली : सरेंडर व्हॅल्यू. विमा अर्ध्यावर मोडला तर जी रक्कम हाती पडते ती. वेस्ट यांचा प्रश्न असा, की बहुसंख्य मुले अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच शाळा सोडतात, तर त्या क्षणी त्यांच्या हाती भाषेचे काय उरते? व्याकरणावर दोन वर्षे घालवून शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती काहीच उरत नाही, सोपे वाचन शिकलेल्याच्या हाती निदान वाचन उरते. म्हणून त्यांनी वाचनाला अग्रस्थान दिले. वाचन आधी की बोलणे आधी, या त्यांच्या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाले. प्रश्न मात्र आजही तितकाच धारदार आहे. विशेषतः ज्या वस्त्यांतून मुली-मुले आठवी-नववीला शाळा सोडतात, तेथील अध्यापकाला त्याची धार चांगली कळते.

हैदराबादचे दोन प्रयोग

उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१७ च्या फर्मानाने झाली आणि १९१९ मध्ये त्याच्या महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. एका अर्वाचीन भारतीय भाषेला, उर्दूला, उच्च शिक्षणाचे माध्यम करण्याचा तो धाडसी प्रयोग होता. भाषांतरासाठी दारुल तर्जुमा उभा राहिला, परिभाषा घडवली गेली, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला गेला. मराठी, तेलुगू व कन्नड या भाषांनाही तेथे विषय म्हणून स्थान मिळाले. परंतु या प्रयोगाचे मोजमाप करताना एक बाजू नजरेआड होते. मराठवाड्यातील मुलगा घरी मराठी बोले आणि माध्यमिक शिक्षण उर्दूतून घेई. त्याच्यापुढे उभा असलेला अध्यापक उर्दू ही त्या मुलाची परकी भाषा आहे हे धरून शिकवीत नसे. ती माध्यम होती, म्हणजे ती येतेच असे धरले जाई. अनेक मराठी भाषकांनी त्या शाळांतून उत्तम उर्दू मिळवली हे खरे. ती मिळाली बाजारातून, दोस्तीतून, मुशायऱ्यांतून. जी मुले मागे पडली त्यांची नोंद कोठे नाही. १९४८ नंतर माध्यम बदलले आणि तीच अडचण उलट दिशेने, इंग्रजीच्या रूपाने, उर्दू भाषक मुलांच्या वाट्याला आली.

दुसरा प्रयोग १९५८ चा. त्या वर्षी हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या काळात विनायक कृष्ण गोकाक संचालक होते. गोकाक हे कन्नडचे थोर कवी. इंग्रजीचे अध्यापन त्यांनी पुणे, सांगली, कोल्हापूर, धारवाड अशा मराठी-कन्नड टापूत केलेले. एका भारतीय भाषेचा कवी इंग्रजीच्या अध्यापक-शिक्षणाची संस्था उभारतो, यात विसंगती नाही. परभाषा शिकवणाऱ्याला स्वभाषेची जाण लागते, याचे ते चांगले उदाहरण आहे. सेवेत असलेल्या अध्यापकाला पुन्हा विद्यार्थी करून त्याची भाषा आणि त्याची पद्धती एकत्र हाताळावी, हे तत्त्व या संस्थेने आचरणात आणले. १९७२ मध्ये परकीय भाषा समाविष्ट होऊन तिचे नाव बदलले आणि २००७ मध्ये तिचे केंद्रीय विद्यापीठ झाले. या प्रवासात एक मात्र झाले. देशाने एका भाषेसाठी जेवढी व्यवस्था उभी केली, तेवढी बाकीच्या भाषांसाठी केली नाही.

म्हैसूर, पुणे, सोलन, लखनौ

त्रिभाषा सूत्राची चर्चा १९५६ पासून सुरू होती. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने ते सोपे करून स्वीकारले, कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये त्यात फेरबदल सुचवले, आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने हिंदीभाषी राज्यांनी हिंदी-इंग्रजीखेरीज एक अर्वाचीन भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडील, शिकवावी असे म्हटले. सूत्र झाले. शिक्षक कोठून आणायचा, हा प्रश्न उरला. उत्तर प्रदेशातील शाळेत तमिळ किंवा मराठी कोण शिकवणार?

या प्रश्नाला मिळालेले उत्तर या सगळ्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर होते. १७ जुलै १९६९ रोजी म्हैसूरला केंद्रीय भारतीय भाषा संस्था स्थापन झाली. डॉ. देवीप्रसन्न पट्टनायक तिचे संस्थापक संचालक. संस्थेच्या अखत्यारीत प्रादेशिक भाषा केंद्रे निघाली : दक्षिणी भाषांसाठी म्हैसूर, पूर्वेकडील भाषांसाठी भुवनेश्वर, उत्तरेकडील भाषांसाठी पतियाळा आणि पश्चिमेकडील भाषांसाठी पुणे. पुण्याचे केंद्र डेक्कन कॉलेजच्या परिसरात होते आणि तेथे मराठी, गुजराती व सिंधी शिकवल्या जात. राज्य सरकारांनी आपले सेवेतील शिक्षक प्रतिनियुक्तीवर पाठवायचे, त्यांनी दहा महिने एक नवी भाषा पायाभूत, मध्यम व प्रगत अशा टप्प्यांनी शिकायची, सोबत ती शिकवण्याची तयारी करायची आणि परत जाऊन आपल्या शाळेत ती भाषा शिकवायची, अशी योजना होती. ध्वनिफिती, भाषाप्रयोगशाळा, त्या भाषेच्या प्रदेशातील दौरे यांची जोड होती.

या योजनेचे खरे मोल पद्धतीत वा यंत्रांत नव्हते. पस्तीस-चाळीस वर्षांचा, पंधरा वर्षे वर्गात उभा राहिलेला शिक्षक पुन्हा बाकावर बसत असे आणि चुकत असे. हिंदीभाषी शिक्षक पुण्यात मराठी शिकू लागला की त्याला लिपीची अडचण नसे. देवनागरी त्याची स्वतःचीच. अडचण येई ती इतरत्र. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च निराळे आहेत, पण अक्षर एकच, हे त्याला कानाने पकडावे लागे. हिंदीत नसलेले नपुंसकलिंग सांभाळावे लागे. ज्याच्याशी बोलतो त्याला सामील करून घ्यायचे असेल तर 'आपण' आणि वगळायचे असेल तर 'आम्ही' हा भेद हिंदीतील एका 'हम'ने भागवणाऱ्याला नवा असे. मराठी भाषकाला या गोष्टी कोणी शिकवलेल्या नसतात, म्हणून त्या शिकवाव्या लागतात हेच त्याला ठाऊक नसते. जो स्वतः त्यांवर अडखळला त्यालाच त्या मुलांना कशा द्याव्यात हे सुचते.

उर्दूची गोष्ट याच्या नेमकी उलट होती. उर्दूसाठी पतियाळाखेरीज हिमाचल प्रदेशात सोलन येथे आणि पुढे लखनौला खास उर्दू अध्यापन व संशोधन केंद्रे सुरू झाली. तेथे येणाऱ्या हिंदीभाषी शिक्षकाला बोलीची अडचण जवळजवळ नसे. अडथळा लिपीचा. अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी निराळे रूप घेते, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, आणि ज़ाल, ज़े, ज़्वाद व ज़ोय ही चार अक्षरे उर्दूभाषकाच्या तोंडी एकाच ध्वनीची असतात. कोणत्या शब्दात कोणते लिहायचे हे शब्दाचे मूळ आणि डोळ्यांची सवय ठरवते. म्हणजे पुण्यात लिपी ओळखीची आणि भाषा परकी, सोलनला भाषा ओळखीची आणि लिपी परकी. एकाच बी.एड.मधील 'भाषा अध्यापन पद्धती' या एका प्रश्नपत्रिकेत हे दोन्ही कसे मावणार?

तिसरा प्रकार याहून अवघड आहे, आणि त्याचा विचार या केंद्रांच्या मूळ योजनेत नव्हता. हैदराबाद, बेळगाव, विजापूर भागातील उर्दूचा अध्यापक घरी दखनी बोलतो. 'नको'पासून बनलेले 'नक्को' त्याच्या तोंडात असते, अनेकवचनाला तो 'लोगाँ', 'बाताँ' म्हणतो. शाळेत तो प्रमाण उर्दू शिकवतो. तो परभाषकही नाही आणि पूर्णपणे स्वभाषकही नाही. त्याच्या वर्गातील मूल दखनी वाक्य लिहिते तेव्हा ती चूक समजायची, की दुसऱ्या बोलीचे बरोबर वाक्य समजून त्याला प्रमाण रूप द्यायचे, हा निर्णय त्याला दिवसातून दहा वेळा घ्यावा लागतो. घरात अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्या मुलांच्या मराठीच्या अध्यापकापुढेही हाच पेच असतो. स्वतःच्या भाषेकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय लागल्याशिवाय तो सुटत नाही, आणि ती सवय पदवीच्या साहित्याभ्यासातून लागत नाही.

केंद्रांनी शिक्षक घडवले, परंतु सूत्र राबवणे त्यांच्या हाती नव्हते. हिंदीभाषी राज्यांतील बहुतेक शाळांनी तिसरी भाषा म्हणून संस्कृत निवडली. तमिळनाडूने १९६८ मध्ये द्विभाषा धोरण स्वीकारले. दहा महिने मराठी वा तेलुगू शिकून गावी परतलेल्या शिक्षकाला ती भाषा शिकवण्याची तासिका मिळेलच अशी हमी नव्हती. ज्या देशाने अर्वाचीन भाषांच्या अध्यापकांची इतकी विचारपूर्वक तयारी केली, त्याने त्या अध्यापकांसाठी पद मात्र निर्माण केले नाही.

उर्दूच्या बाबतीत ही तफावत समितीच्या कागदांवर आली. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस विद्यार्थी असतील तर मातृभाषेच्या शिक्षकाची नेमणूक करावी, हा निकष १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने घालून दिला होता. इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखाली १९७२ मध्ये नेमलेल्या उर्दूविषयक समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला आणि शिक्षकांच्या नेमणुका व प्रशिक्षण यांवर भर दिला. १९९० मध्ये अली सरदार जाफरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीला त्याच शिफारशींच्या अंमलबजावणीचा आढावा घ्यावा लागला. पंधरा वर्षांनी आढावा समिती नेमावी लागते यातच उत्तर आले. १९९८ मध्ये हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाल्यावर उर्दू माध्यमातून बी.एड. करण्याची सोय वाढली, आणि भोपाळसारख्या ठिकाणी विद्यापीठाची अध्यापक महाविद्यालये निघाली. ही फार मोलाची भर आहे. परंतु तेथेही क्रम जुनाच राहिला : आधी पदवी, मग पद्धती.

चार वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम

दोन घरे एका छताखाली आणण्याचा प्रयत्न कुरुक्षेत्र विद्यापीठाने १९६० मध्ये चार वर्षांच्या अभ्यासक्रमाने केला. १९६३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांसाठीचे महाविद्यालय भोपाळचे. प्रत्येकाला जोडून एक प्रात्यक्षिक शाळा होती. विषय, शिक्षणशास्त्र आणि प्रत्यक्ष वर्ग एकाच आवारात, एकाच चार वर्षांत. कल्पना उत्तम होती. मात्र ही महाविद्यालये बहुउद्देशीय शाळांच्या गरजेतून निघाली होती, त्यामुळे आरंभीचा भर विज्ञान, तंत्र, वाणिज्य यांवर राहिला आणि भाषा मागच्या बाकावर बसल्या. दुसरीकडे अप्रशिक्षित शिक्षकांची संख्या एवढी होती, की याच महाविद्यालयांनी १९६६ पासून उन्हाळी वर्ग आणि पत्राचार यांतून बी.एड. देण्यास सुरुवात केली. एका हाताने चार वर्षांचे सखोल शिक्षण आणि दुसऱ्या हाताने टपालाने प्रशिक्षण. दुसऱ्याची मागणी अधिक होती.

कोठारी आयोगाने अध्यापक-शिक्षणाचे दुखणे नेमके सांगितले होते : ते विद्यापीठापासून, शाळेपासून आणि आपापसांतही तुटलेले आहे. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ मध्ये बहुतांशी तेच निदान पुन्हा केले. त्यानंतर २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम हाच २०३० पर्यंत मुख्य मार्ग व्हावा असे म्हटले, आणि २०२३-२४ मध्ये देशातील ५७ संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. १९१९ मध्ये सॅडलर आयोगाने मांडलेले तत्त्व शंभराहून अधिक वर्षांनी अभ्यासक्रमाच्या रूपात देशभर येऊ पाहत आहे.

त्याच वेळी राज्यांनी कायद्यांनी एक नवी गरज निर्माण केली आहे. कर्नाटकाने २०१५ मध्ये कन्नड, तेलंगणाने २०१८ मध्ये तेलुगू आणि महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठी शाळांत सक्तीची केली. बेळगावच्या उर्दू शाळेतील मूल घरी दखनी, बाजारात मराठी, पुस्तकात उर्दू आणि इंग्रजी आणि कायद्याने कन्नड अशा पाच भाषांमधून वाट काढते. त्याला कन्नड शिकवणारा अध्यापक बहुधा कन्नड ही मातृभाषा धरून तयार झालेला असतो. भिवंडी-मालेगावच्या उर्दू शाळांतील मराठीची तीच कथा. मराठी अध्यापन पद्धतीचे पुस्तक उघडले तर कवितेचे रसग्रहण, निबंध, स्थूलवाचन यांची प्रकरणे सापडतात. 'चार' आणि 'चारा', 'आपण' आणि 'आम्ही', 'ते घर' आणि 'तो वाडा' यांवर अडखळणाऱ्या मुलासाठी त्यात प्रकरण नसते. हे प्रकरण पुण्याच्या केंद्रात दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या शिक्षकांसाठी पन्नास वर्षांपूर्वीच शिकवले जात होते. त्यासाठी तयार झालेले धडे, सराव आणि ध्वनिफिती भाषा शिकणाऱ्या प्रौढांपर्यंत पोचल्या. बी.एड.च्या आणि आता चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या भाषा-पद्धतीच्या पाठ्यक्रमात त्यांना अजून जागा मिळालेली नाही.